आपलंच जहाज अंगावर येतं तेव्हा

दिल्लीच्या पातशाहीला समुद्र फारसा कधी दिसला नाही, पण समुद्रावर तिचं एक प्रचंड जहाज होतं. ‘गंज-इ-सवाई’ त्याचं नाव. ते सुरतेहून अरबस्तानात जायचं आणि हजचे यात्रेकरू व व्यापाराचा पैसा घेऊन परतायचं. इतिहासकार खाफी खान सांगतो, की त्यावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या. सप्टेंबर १६९५ मध्ये परतीच्या वाटेवर, सुरत अवघ्या काही दिवसांवर असताना, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याच्या ‘फॅन्सी’नं त्याला गाठलं. फॅन्सीवर ४६ तोफा होत्या. कागदावर पाहिलं तर ही लढाई एकतर्फी व्हायला हवी होती. ती एकतर्फी झालीही, पण उलट्या बाजूनं.

पातशाही जहाजावरच्या गोलंदाजांनी तोफेला बत्ती दिली आणि ती तोफ जागच्या जागी फुटली. तीन-चार माणसं तिथंच गेली. त्याच सुमारास शत्रूचा गोळा मोठ्या डोलकाठीवर बसला. जहाजाचा कप्तान इब्राहिम खान डेक सोडून खाली पळाला आणि तिथल्या दासींच्या डोक्याला फेटे बांधून, हातात तलवारी देऊन त्यांनाच वर लढायला पाठवू लागला, असं खाफी खान लिहितो. पुढं त्या जहाजावर लूट, छळ आणि बायकांवरचे अत्याचार झाले. त्याची बातमी पातशहाला भीमेकाठी मिळाली, कारण औरंगजेबाची छावणी तेव्हा मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती. मराठ्यांच्या मागं लागलेला तो पातशहा दिल्लीला पुन्हा परतलाच नाही.

या हकिकतीत दासींच्या फेट्यांचीच चर्चा फार होते. मला महत्त्वाची वाटते ती फुटलेली तोफ. लाकडी शिडाच्या जहाजावर लढणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा धोका शत्रूच्या लोखंडापेक्षा त्याच्या स्वतःच्या जहाजाचा होता. पायाखालची फळी, डोक्यावरची डोलकाठी, शेजारची तोफ आणि तळातली दारू या चारही गोष्टी त्याला वाचवण्यासाठी होत्या आणि मारायलाही पुरेशा होत्या. आपल्या कोकण किनाऱ्यावरची आरमारी लढाई हे नीट ओळखून लढली जात होती. एकदा मात्र त्याची मोठी किंमत तिलाच मोजावी लागली.

आधी फळी. सिनेमात तोफगोळा आदळला की स्फोट होतो. प्रत्यक्षात त्या काळातला बहुतेक मारा भरीव लोखंडी गोळ्यांचा होता, आणि असा गोळा फुटत नाही. तो जहाजाच्या बाजूला बाहेरून लागतो तेव्हा लाकडात बऱ्यापैकी गोल, लहानसं भोक पडतं; लाकडाचे धागे दबून पुन्हा जागेवर येतात आणि भोक आणखी आवळतं. आतली बाजू मात्र उधळते. हातभर लांबीच्या, सुरीसारख्या टोकदार ढलप्या सुटतात आणि तोफेभोवती दाटीवाटीनं उभ्या असलेल्या पाच-सहा माणसांच्या अंगात घुसतात. स्वीडनच्या वासा संग्रहालयानं १६२८ साली बुडालेल्या ‘वासा’ जहाजाच्या तोफेची हुबेहूब प्रतिकृती ओतून घेतली आणि २०१४ मध्ये जहाजाच्या बाजूचा एक तुकडा बांधून त्यावर ती डागली. पलीकडच्या बाजूला जे झालं ते पाहिल्यावर जुन्या वैद्यांनी लिहिलेल्या जखमांबद्दल शंका उरत नाही.

अनुभवी गोलंदाजांना यातली खोच ठाऊक होती. फार वेगानं आलेला गोळा आरपार निघून जातो. थोडा मंदावलेला गोळा लाकूड फाडत जातो आणि ढलप्या जास्त उडवतो. म्हणून अगदी जवळून मारा करताना दारू मुद्दाम कमी भरायची किंवा एकाच तोफेत दोन गोळे ठासायचे. म्हणजे शत्रूच्या जहाजाचं लाकूड हाच दारूगोळा होता, आणि तो त्यानंच वाहून आणलेला असायचा.

इंग्रज जहाजं ओकची, आपली सागवानाची. साग पाण्यात सहजी कुजत नाही, किडत नाही, म्हणून मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजं इंग्रज आरमारालाही हवीशी वाटू लागली. १८१७ साली तिथं तरंगलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. सागाच्या ढलप्यांबद्दल मात्र खलाशांत दोन तट होते. काही म्हणत, साग ओकइतका उडत नाही. काही म्हणत, सागाची ढलपी घुसली की जखम हटकून चिघळते. ज्याच्या मांडीत ढलपी गेली त्याला या वादात कितपत रस असेल, ते सोडून देऊ.

दुसरी गोष्ट तोफ. ३२ पौंडी गोळ्याची मोठी तोफ जवळजवळ तीन टनांची. ती उडाली की चाकांच्या गाड्यासकट मागं उसळते आणि जाड दोरखंडाला हिसका बसून थांबते. दोरखंड तुटला तर हलत्या डेकवर तीन टन लोखंड मोकाट सुटतं. ओतकामात पोकळी राहिली असेल, तोफ सतत उडवून तापली असेल किंवा घाईत दारू जास्त पडली असेल, तर गंज-इ-सवाईवर झालं तेच होतं. शिवाय डेकवर दारूच्या पिशव्या घेऊन धावणारी पोरं असतच. दहा-बारा वर्षांची ही मुलं तळातल्या कोठारातून दारू वर आणत. कोठार पाण्याच्या पातळीखाली असे. तिथं पायात लोखंडाचा खिळा असलेला जोडा चालत नसे, आणि दिवा काचेमागच्या वेगळ्या खोलीत ठेवत. एवढं करूनही ठिणगी पडायचीच. १ ऑगस्ट १७९८ च्या रात्री नाईल नदीच्या मुखापाशी ‘लोरियां’ हे फ्रेंच आरमाराचं प्रमुख जहाज दारूसकट उडालं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तोफा काही मिनिटं आपोआप थांबल्या होत्या.

आता डोलकाठी. इथं आपण कोकणात येतो, कारण मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांनी सर्वांत चांगला उपयोग तिचाच केला.

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन केलं आहे. शत्रूचं असूनही ते बारकाईनं केलेलं आहे. मुख्य जहाजं दोन जातींची. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, रुंद, उथळ पाण्यातही चालणारी. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब निघालेली आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचं. एक मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वजन कमी ठेवायचं म्हणून पुष्कळ गलबतांची डेक चिरलेल्या बांबूंची असे आणि तिच्यावर फक्त जंबुऱ्यांसारख्या हलक्या फिरत्या तोफा.

या दोन्ही जहाजांची युरोपीय लढाऊ जहाजाशी तोफेस तोफ बरोबरी होणं शक्य नव्हतं. त्या मोठ्या जहाजाचं सगळं बळ दोन्ही कुशींत असतं. तिथं तोफांच्या रांगा आणि जाड लाकूड. पुढं मागं मात्र फारसं काही नाही. पिछाडीला तर कप्तानाच्या खोलीच्या खिडक्या आणि पातळ फळ्या. आंग्र्यांचे तांडेल नेमके तिथं जायचे. वारा पडलेला असला की गलबतं वल्ह्यांनी गुराबांना ओढत शत्रूच्या मागं नेत. गुराब नाळेवरच्या तोफांनी मारत असल्यानं शत्रूला तिचा अरुंद तोंडाचाच भाग दिसे. तिचा गोळा पिछाडीतून शिरला तर जहाजाच्या लांबीभर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात असे. आणि वर नेम धरायचा तो डोलकाठ्यांवर, शिडांवर, दोरखंडांवर.

डोलकाठी पडणं म्हणजे नुसतं जहाज थांबणं नव्हे. कित्येक मणांचं लाकूड, ओलं शीड आणि दोरांचं जाळं खालच्या माणसांवर कोसळतं. अर्धं जहाजावर, अर्धं पाण्यात लोंबकळतं आणि जहाज एका कुशीवर कलतं. तोफांच्या तोंडावर शीड येऊन पडलं तर ती तोफ डागता येत नाही. डागली तर आपलंच शीड पेटतं. कुऱ्हाडी घेऊन दोर तोडायला वर चढलेली माणसं शत्रूच्या बंदुकांपुढं उघडी पडतात. अशा अडकलेल्या जहाजाला चहूबाजूंनी गलबतं भिडत आणि प्रत्येकातून तलवारी घेतलेली माणसं चढत. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ याच रीतीनं घेतलं. त्याच्या डोलकाठ्या आधी गेल्या, जहाज नंतर. १७४९ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी कंपनीचं लढाऊ जहाज ‘रिस्टोरेशन’ पकडलं. १७५४ मध्ये ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी त्यांची गाठ पडली. मोठी दोन जळाली, तिसरं हाती आलं.

हे वाचताना आपला ऊर भरून येतो आणि त्यात वावगं काही नाही. पण गलबतावर वल्हं मारणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. भंडारी, कोळी, गाबीत, खारवी समाजातली ही माणसं बांबूच्या डेकवर उघडीच असत. त्यांच्यासमोर ढलप्या उडवणारी जाड भिंत नव्हती, तशी आडोसा देणारीही नव्हती. मोठ्या जहाजानं तोफेत छर्रे भरून एकदा नीट नेम साधला तर अख्खी वल्ह्यांची ओळ जाई. त्यांचा जीव वेगावर, वाऱ्याच्या अंदाजावर आणि संख्येवर अवलंबून होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, असा त्यातला सूर आहे. जहाजं जपून वापरण्याचा हा विवेक अनुभवातून आलेला असणार. १८ ऑक्टोबर १६७९ ला खांदेरीपाशी दौलतखानाच्या आरमारानं नांगरलेल्या इंग्रजांवर पहाटे झडप घातली तेव्हा ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, पण कप्तान कीग्विन आणि मिंचिन ज्यावर होते त्या ‘रिव्हेंज’च्या तोफांनी मराठ्यांनाही चांगलंच भाजून काढलं.

या पद्धतीचा शेवटचा मोठा प्रयोग ८ एप्रिल १७८३ चा. इंग्रज-मराठ्यांत सालबाईचा तह होऊन गेला होता. विजयदुर्गचे आनंदराव धुळप तेव्हा पेशव्यांचे आरमार सुभेदार होते. मुंबईहून दक्षिणेकडं निघालेलं ‘रेंजर’ हे कंपनीचं लहान जहाज त्यांच्या आरमाराच्या तावडीत सापडलं. त्यावर जनरल मॅक्लाउड आणि कर्नल हंबरस्टन यांच्यासह बरेच लष्करी अधिकारी प्रवासी म्हणून होते. लढाई कित्येक तास चालली आणि अखेरीस जहाजाला जहाज भिडून हातघाई झाली. मेजर शॉ ठार झाला, मॅक्लाउड जखमी झाला. हंबरस्टन त्या जखमांनी महिनाअखेरीस विजयदुर्गात वारला. तिशीही गाठली नव्हती त्यानं. जमिनीवर पलटणी चालवलेल्या या अधिकाऱ्यांना मागं सरायला डेकवर जागाच नव्हती. तहानंतर लढाई का झाली यावर दोन्ही दरबारांत बराच पत्रव्यवहार झाला. तो या प्रकरणाचा विषय नाही.

मात्र विजयदुर्गाचं नाव घेतलं की १७५६ आठवतंच, आणि तिथं आग आठवते. पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचं फाटलं होतं. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींना नमवायला मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली. हा निर्णय चूक होता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याबद्दल घरच्या भांडणाची कितीही कारणं दिली तरी ते बदलत नाही. ज्या काळात पुण्याची नजर दिल्लीवर होती (पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७५७ मध्ये, राघोबादादांची फौज दिल्लीच्या वेशीत होती) त्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचं सर्वांत दमदार आरमार आपल्याच संमतीनं जळत होतं. आज भारतीय नौदलाचं मुख्यालय दिल्लीत आहे आणि २०२२ पासून त्याच्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. समुद्रापासून इतक्या दूर बसून समुद्राचं भान ठेवणं ही अठराव्या शतकात पुण्याला न साधलेली गोष्ट होती.

ॲडमिरल चार्ल्स वॉटसनच्या आरमारात ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ अशी बडी राजेशाही जहाजं होती आणि सोबत रॉबर्ट क्लाइव्हची पायदळ तुकडी. १२ फेब्रुवारीला ही जहाजं वाघोटणच्या खाडीत किल्ल्यासमोर आली आणि मारा सुरू झाला. किल्ला दगडी, त्याला गोळ्यांचं फारसं काही वाटलं नाही. पण तुळाजींचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, दोरखंडांनी एकमेकांना जखडून उभं होतं. एरवी हीच जहाजं मोकळी सुटून शत्रूच्या मागं लपकत, वारा आणि वल्हं यांवर खेळत. त्या दिवशी ती बांधलेली लाकडाची रास झाली होती, वर डांबर लावलेले दोर, शिडं आणि दारू. दुपारनंतर एक फुटणारा गोळा, म्हणजे आत दारू भरलेला कुलपी गोळा, ‘रिस्टोरेशन’वर पडला. इंग्रजांकडून सात वर्षांपूर्वी जिंकून आणलेलं तेच जहाज पहिल्यांदा पेटलं. तिथून आग शेजारच्या गुराबांवर गेली आणि पाहता पाहता सगळं आरमार पेटलं. गोदीत अर्धवट बांधलेली जहाजंही वाचली नाहीत. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सुमारे अडीचशे तोफा आणि दहा लाखांच्या घरातली लूट मिळाली. एवढ्या तोफा असून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. जहाजं एकमेकांना बांधली गेली त्या क्षणी आंग्र्यांची सगळी विद्या संपली होती.

फुटणारा गोळा लाकडी आरमाराचं काय करू शकतो, हे युरोपला पुरतं पटायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ३० नोव्हेंबर १८५३ ला सिनोपच्या बंदरात रशियन आरमारानं असेच गोळे वापरून तुर्की जहाजांचा ताफा जाळला, आणि मग जो तो जहाजाला लोखंडी पत्रा चढवू लागला.

विजयदुर्गावर जी जहाजं जवळजवळ न खरचटता निघाली, त्यांचं पुढं काय झालं हेही सांगायला हवं. वर्षभरानं, २३ मार्च १७५७ ला, ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ हुगळीतून फ्रेंचांच्या चंद्रनगरवर चालून गेली. या वेळी समोरचे गोलंदाज कवायती होते आणि नदी अरुंद. एकट्या ‘केंट’च्या कुशीत शंभरावर गोळे शिरले, त्यावर १९ मेले, ४९ जखमी झाले. एका गोळ्यानं कप्तान स्पीकला जखमी केलं आणि त्याच गोळ्यानं शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलाच्या मांडीचा चुरा केला. मुलगा बिली सोळा वर्षांचा, जहाजावर उमेदवार अधिकारी. एका खलाशानं त्याला उचलून खाली न्यायला घेतलं, तर वाटेत तो खलाशीच दुसऱ्या गोळ्यानं मारला गेला.

हे सगळं लिहून ठेवलं केंटच्या शल्यवैद्यानं, एडवर्ड आइव्ह्जनं. जहाजाच्या तळात, पाण्याच्या पातळीखाली फळ्या टाकून त्याची शस्त्रक्रियेची जागा केलेली होती. ती सुरक्षित म्हणून निवडलेली, पण तिथं उजेड कंदिलाचा, हवा कोंदलेली आणि वरच्या प्रत्येक तोफेचा हादरा पायाखाली. गुंगीचं औषध नाही, कारण ईथर यायला अजून नव्वद वर्षं होती. हात-पाय चिरडला असेल तर तो झटपट कापणं हाच उपाय, कारण ढलप्यांसोबत कपड्याचे तुकडे आणि घाण जखमेत गेलेली असे. बिलीनं आधी वडिलांची चौकशी केली आणि मग शेजारी कण्हणाऱ्या एका माणसाकडं बोट करून त्याला आधी पाहा म्हणून सांगितलं. आइव्ह्जनं त्याचा पाय मांडीपासून कापला. काही दिवसांनी मुलगा गेला, वडील वाचले.

रक्तस्राव हा तर पहिल्या काही मिनिटांचा मामला. १७१२ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या आरमारानं मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली, त्या चकमकीत कारवार वखारीचा प्रमुख टॉमस चाउन याचा हात गोळ्यानं उडाला आणि तो बायकोच्या मांडीवर रक्त वाहून मेला. रक्त थांबवायला स्क्रूनं आवळायचा पट्टा फ्रान्समध्ये झां-लुई पेतीनं १७१८ मध्ये आणला. चाउनची बायको कॅथरिन १७१२ मध्ये विशीच्या आतच होती. खंडणी घेऊन तिला पुढच्या वर्षी सोडण्यात आलं.

इतकं सगळं असूनही, लाकडी जहाजावरच्या माणसाला लढाईनं मारण्याची शक्यता एकंदरीत कमीच होती. १७९३ ते १८१५ या युद्धांत इंग्रज आरमाराचे लाखाच्या आसपास लोक मेले. त्यांपैकी शत्रूच्या हातून मेलेले शंभरात सहा-सात, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. बाकीचे ताप, हगवण, स्कर्व्ही, अपघात आणि वादळांनी नेले. वॉटसनचं उदाहरण घ्या. विजयदुर्गावर आणि चंद्रनगरला तोफांच्या समोर उभा राहून तो सहीसलामत सुटला, आणि १६ ऑगस्ट १७५७ ला कोलकात्यात तापानं मेला. लिंबानं स्कर्व्ही बरा होतो हे जेम्स लिंडनं १७५३ च्या ग्रंथात मांडलं होतं. इंग्रज आरमारानं लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. आंग्र्यांच्या गलबतांवर हा रोग शिरायला फारशी संधीच नव्हती. ती महिनोन् महिने समुद्रात राहण्यासाठी बांधलेली नव्हती, आणि खाडीत परतली की ताजी मासळी, भात आणि कोकम किनाऱ्यावर होतंच.